घोडा का अडला?

[दृश्य: घोडीचं तोंड, अगदी जवळून. एक हात तिचा वरचा ओठ हलकेच उचलतो.]

हा दात बघा. वरच्या जबड्यातला, समोरच्या दातांमधला अगदी कडेचा. त्यावर उभी तपकिरी रेघ दिसतेय? घोडा दहा वर्षांचा झाला की ही रेघ हिरडीपाशी उगवते. पंधराव्या वर्षी अर्ध्या दातावर येते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते. मग वरून पुसत जाते. या घोडीची रेघ आता फक्त खालच्या अर्ध्यात उरली आहे. म्हणजे वय पंचविशीच्या आसपास. अंदाजच हा, पण डॉक्टर असो की घोडेबाजारातला दलाल, बोट याच दातावर ठेवतो.

इथे तिला सगळे ‘आजी’ म्हणतात.

[दृश्य: शिरूर तालुक्यातलं माळरान. पत्र्याची शेड, कडब्याची गंज, त्यावर निळी ताडपत्री.]

आजी इथे आली ती लग्नाच्या वरातीतून. त्याआधी टांग्याला होती म्हणतात. त्याच्याही आधीचं सांगणारं कुणी नाही. लांब सडपातळ पाय आणि लहान डोकं बघून जाणकार म्हणतात, ही शर्यतीचीच. पाठीवर, जिथे खोगीर बसतं तिथे, पांढऱ्या केसांचे दोन ठिपके आहेत. जखम खोल गेली की भरून आल्यावर त्या जागी पांढरे केस उगवतात. कागद हरवले तरी एवढी नोंद तिच्या अंगावर राहिली आहे.

घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असतानाच पळायला लागतो. मुंबईच्या महालक्ष्मीवर फेब्रुवारीत होणारी 2400 मीटरची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते. सहा-सात वर्षांचे झाले की बहुतेकांची शर्यत संपते. कुणाचा गुडघा, कुणाची पायाची शीर, कुणाचा नुसता वेगच. चांगल्या वंशाच्या घोड्या पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. नर मोजकेच ठेवले जातात. खच्ची केलेल्या घोड्याला तोही रस्ता नसतो. सातव्या वर्षी निवृत्त झालेल्या या जनावरासमोर अजून वीस वर्षं असतात. ही वीस वर्षं कुणाच्या दारात जाणार, हाच या फिल्मचा विषय.

आता हिशेब करू. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो सुका चारा लागतो. वर्षाला तीन टनांच्या आसपास. त्यावर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मीठ, तीस-चाळीस लिटर पाणी, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, वर्षातून एकदा दात घासणारा डॉक्टर. घोडा कमावता असतो तेव्हा हा खर्च कुणाला जाणवत नाही. कमाई थांबते त्या दिवशी तोच घोडा ओझं होतो.

मुंबईत हे शहराच्या डोळ्यांदेखत घडलं. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौशी सफरीच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितल्या. निकाल योग्य होता असं मी मनापासून मानतो. डांबरावर, हॉर्नच्या गोंगाटात, भर उन्हात उभी असलेली ती घोडी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. गाडीवानांचं आणि घोड्यांचं पुनर्वसन करा, असंही न्यायालयाने सरकारला बजावलं होतं. पण घोड्याचा तोबरा रोजच्या भाड्यातून भरत होता. भाडं बंद पडतं तेव्हा भूक थांबत नाही, हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला कळतं. बंदीच्या तारखेआधी घोड्याच्या पुढच्या दावणीची जागा ठरायला हवी. माथेरानला दस्तुरी नाक्यावर आज उभ्या असलेल्या घोड्यांबद्दलही हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे. ई-रिक्षा तिथे पोचल्या आहेत.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. कैरोतले रस्ते, हाडं दिसणारे घोडे.]

हा प्रश्न नवा नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्ये विकून टाकले. 1930 मध्ये डोरोथी ब्रुक ही बाई कैरोला आली, तेव्हा ते घोडे गाड्या ओढत होते, दगडाच्या खाणींत राबत होते. वयं विशीच्या पुढे गेलेली. तिने 1931 मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. लोकांनी पैसे पाठवले आणि पुढच्या तीन वर्षांत तिने सुमारे 5000 घोडे विकत घेतले. त्यांतले बहुतेक इतके झिजलेले होते की नवं घर देणं शक्यच नव्हतं. तिने त्यांना पोटभर चारा दिला, अंगाखाली गवत दिलं, विश्रांती दिली आणि मग शांतपणे मरण दिलं. 1934 मध्ये तिने कैरोत घोड्यांचं मोफत रुग्णालय उघडलं. तिच्या नावाची संस्था आज भारतातही काम करते.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. ज्या घोड्याला उठून उभं राहता येत नाही, ज्याची वेदना औषधाला दाद देत नाही, त्याला टेम्पोत घालून चौथ्या दारात पाठवणं क्रूरपणा आहे. जाणत्या डॉक्टरच्या हातून, ओळखीच्या ठाणावर त्याला निरोप द्यावा. हे बोलायला जड जातं, पण घोड्यावर जीव असेल तर बोलावं लागतं.

[दृश्य: पहाट. घमेल्यात पाणी ओतलं जातं.]

आजीचा नाश्ता. तिच्या दाढा झिजून सपाट झाल्यात, दोन पडल्यात. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चाऱ्याने झिजत राहतात. पंचविशीला आतला साठा संपत येतो. अशा घोडीपुढे कडबा टाकला तर ती चघळते आणि ओल्या चाऱ्याचे गोळे जमिनीवर टाकते. बघणाऱ्याला वाटतं, खातेय की. आणि तिच्या बरगड्या मोजता येऊ लागतात.

म्हणून इथे कुट्टी अगदी बारीक केलेली असते. लसूणघास चिरून. गव्हाचा भुसा, रात्रभर भिजवलेलं हरभऱ्याचं भरड, मूठभर जवस शिजवून, आणि सगळं पाण्यात इतकं मऊ की हाताने दाबलं तर बोटांतून निसटावं. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. सांभाळणारे काका घमेलं ठेवून तिथेच उकिडवे बसतात. संपेपर्यंत उठत नाहीत. घास अडकला तर कळायला हवं म्हणून.

आपल्याकडे म्हण आहे, धर्माची गाय आणि दात का गं नाय? फुकट मिळालेल्या जनावराचे दात बघू नयेत, असा तिचा रोख. घोड्याच्या बाबतीत मला ही म्हण उलटी करावीशी वाटते. फुकट मिळतोय, तर दात आधी बघा. खूर बघा. तो चालताना मान कोणत्या पावलाला वर झटकतो ते बघा. आणि देणाऱ्यानेही घेणाऱ्याकडे असंच बघावं. फुकट दिलेला घोडा महिन्याभरात बाजारात विकला गेला, असं मला एका देणाऱ्याने सांगितलं, तेव्हा तो रडत होता. त्याने विश्वासाने दिला होता. कागद केला नव्हता.

कागद करावा. घोडा विकायचा नाही, सांभाळणं जमलं नाही तर तो आधी मला परत, हे त्यात लिहावं. नवी जागा स्वतः जाऊन बघावी, पाण्याच्या हौदात हात घालून बघावा. जागा हलवण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो. आणि चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. एका दिवसात बदललेल्या चंदीने पोटशूळ उठून घोडे दगावतात. टाकून देणं हा तर गुन्हाच. जनावराला उपाशी, तहानलेलं राहावं लागेल अशा अवस्थेत सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही.

[दृश्य: शेडसमोर घोड्यांची गाडी उभी राहते. फळी खाली येते.]

आज इथे एक पाहुणा आलाय. सात वर्षांचा, कुमैत म्हणजे काळ्या आयाळीचा तांबूस, खच्ची केलेला. गेल्या मोसमापर्यंत शर्यतीत होता. नंतर काही महिने एका मुलीने त्याच्यावर मेहनत घेतली. शर्यतीच्या घोड्याला उभं राहून माणूस पाठीवर घेणं माहीत नसतं, कारण जॉकी चालत्या घोड्यावर चढतो. लगाम ताणला की तो तोंड पुढे टेकवून आणखी जोर करतो. हे सगळं विसरायला शिकवावं लागतं. ती आता नोकरीसाठी बाहेरगावी चालली आहे.

तिने वही आणली आहे. आत त्याची जन्मनोंद, आईबापांची नावं, डॉक्टरचे कागद. पुढच्या पानांवर तिचं अक्षर.

“काका, उजव्या बाजूने एकदम जवळ जाऊ नका. आणि त्याला ताडपत्रीची भीती वाटते. वाऱ्याने फडफडली की बिथरतो.”

“लिहिलंयस ना?”

“हो.”

“अजून आठवेल ते लिही पोरी. घाई नाही.”

ती पायरीवर बसून आणखी दीड पान लिहिते.

लहानपणी आपल्याला कोडं घालायचे. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर तिन्हींचं एकच, फिरवलं नाही म्हणून. म्हाताऱ्या घोड्याचे सांधे ठाणावर बांधून आखडतात, आणि शर्यतीतून आलेला घोडा कोंडून ठेवला तर रात्रभर एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत राहतो. दोघांनाही मोकळं रान हवं आणि दुसऱ्या घोड्याची सोबत हवी. एकटा घोडा कान टवकारूनच झोपतो. म्हातारी घोडी कळपात असली की नव्या घोड्यांना तिच्याकडे बघून थारा येतो. त्यासाठीही आजीसारख्या घोड्यांना घर मिळायला हवं.

[दृश्य: संध्याकाळ. कुंपणाच्या दोन बाजूंना दोन घोडे.]

पहिले काही दिवस मध्ये कुंपण राहील. नाकाला नाक लागतं. तो किंचाळतो, पुढचा पाय आपटतो. आजी कान मागे पाडते आणि पुन्हा घमेल्यात तोंड घालते. मग ती कुंपणाच्या कडेने चालायला लागते, मागचा डावा पाय जरा ओढत. तो थोडा वेळ उभा राहतो. मग पलीकडून तिच्या चालीने चालतो.

मुलगी गाडीत बसली आहे. मागे वळून बघत नाही.

काका कडब्याच्या गंजीपाशी गेलेत. दगड बाजूला करून त्यांनी ताडपत्री उतरवली, वारा भरू नये म्हणून गुडघ्याखाली दाबून तिची घडी घातली आणि ती खांद्यावर टाकून शेडच्या मागे निघाले.