खुर्चीची बैठक

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या घरात एखादी अशी खुर्ची आहे का, जिच्यावर आता कुणी बसत नाही, पण टाकवतही नाही? आमच्या साताऱ्याच्या घरात होती. माझ्या वडिलांची. सागवानी, दोन्ही बाजूंना हात, बैठक गादीची. वडील गेल्यावर आई तिच्यावर बसायला लागली आणि मग हळूहळू बसायची थांबली. विचारलं तर म्हणाली, "बसता येतं गं, उठता येत नाही." मी टेप आणून मोजलं. रिकाम्या खुर्चीची बैठक जमिनीपासून १७ इंच. आई बसली की १३. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे ४ इंच डोंगरासारखे असतात.

दुरुस्तीसाठी मी पेठेतल्या एका गादी कारखान्यात गेले. तिथल्या चाचांचं सगळं आयुष्य याच कामात गेलेलं. लग्नसराई होती, गाद्या छतापर्यंत रचलेल्या, त्यामुळे महिना लागेल म्हणाले. मग खुर्ची उलटी करून त्यांनी खालून हात फिरवला. "ताई, हिला स्प्रिंगा नाहीत. नवारीवरची, म्हणजे जाड सुती पट्ट्यांच्या विणीवरची बैठक आहे. हे तुम्ही घरी कराल. फक्त उसवताना घाई करायची नाही."

आज मला तुमच्याशी बोलायचंय ते मुख्यतः या उसवण्याबद्दल. नवं कापड कुठलं, रंग कुठला, यावर आपण फार विचार करतो. पण पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला शिकवायला घरात कुणी नसतं. शिकवते ती खुर्चीच. आधीच्या कारागिरानं काय केलंय ते एकेक थर उघडत गेलं की समजतं, आणि नीट पाहिलं नाही तर ते एकदाच दिसून कायमचं जातं. म्हणून प्रत्येक थर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, काढलेल्या कापडावर खडूनं 'पुढचं', 'मागचं', 'डावं', 'उजवं' असं लिहा आणि काहीही फेकू नका. जुनं कापड फाटलेलं असलं तरी तोच तुमचा नवं कापड बेतायचा नमुना असतो.

बारीक, चपट्या डोक्याच्या खिळ्यांना आमच्याकडे चुका म्हणतात. माझ्या बैठकीला १४६ चुका निघाल्या. जुना स्क्रू-ड्रायव्हर चुकेच्या डोक्याखाली टेकवायचा, मागून लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचं आणि चूक वर उचलायची. ठोकताना दिशा लाकडाच्या रेषेबरोबर ठेवायची. रेषेला आडवं ठोकलं तर कडेची ढलपी निघते, आणि कोपऱ्यापाशी तर हमखास. हे काम गच्चीत किंवा अंगणात करा, नाकातोंडाला फडकं बांधा. जुन्या कापसाची धूळ फार बारीक असते. चुका गंजलेल्या असतात, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर बरं.

माझ्या खुर्चीत सगळ्यात वर मरून रंगाचं रेग्झीन होतं. त्याखाली हिरव्या पट्ट्यांचं सुती कापड, अजून रंग धरून असलेलं. म्हणजे कुणीतरी जुनं न काढता वरूनच रेग्झीन ठोकलं होतं. या दोन्हींच्या मधल्या घडीत कंगोरेदार कडेचं अ‍ॅल्युमिनियमचं दहा पैशांचं नाणं सापडलं, १९७२ सालचं. म्हणजे रेग्झीन चढलं ते त्यानंतर. हिरव्या कापडाखाली गोळे झालेला कापूस, मग मांजरपाट, मग काथ्या, मग गोणपाट आणि शेवटी नवार. फोमचा तुकडाही नाही. आज आपण ज्याला नुसतं फोम म्हणतो ते पॉलियुरेथेन जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली तयार केलं, आणि मऊ फोम बाजारात आला तो १९५०च्या दशकात. त्याआधीची बहुतेक मऊ बसणी काथ्या, गवत, केस, कापूस, लोकर यांवर उभी होती. नारळाच्या सोडणातला हा काथ्या मी हातात घेतला तेव्हा तो कुरकुरीत आणि जिवंत होता. दाबला की परत उसळत होता. इतकी वर्षं माणसांचं वजन घेऊनही!

मग खुर्ची खचली कशानं? नवारीनं. आणि नवार तरी कुठे तुटली होती? मधे नाही, कडेला, जिथे चुका ठोकल्या होत्या तिथे. चुकांच्या गंजानं आजूबाजूचं सूत कुजवलं होतं. दहापैकी चार पट्ट्या नुसत्या लोंबत होत्या. वरून नवं कापड चढवलं असतं तर खुर्ची दिसली असती छान, आणि आई पुन्हा १३ इंचांवरच गेली असती.

उघडा सांगाडा हाताशी असतो तेव्हाच त्याची तब्येत बघून घ्यायची. लाकडातून पिवळसर पीठ पडतंय का, पाय हलतोय का. माझ्या खुर्चीचा मागचा एक सांधा खिळखिळा होता. पूर्वी सुतार सरस वापरत, तो गरम पाण्यानं सुटतो. ओल्या फडक्यानं शेकून सांधा उघडला, जुना सरस खरवडून काढला, लाकूड पुरतं वाळू दिलं आणि मग फेविकॉल भरला. घट्ट धरायला शिकंजा नव्हता. चारी पायांभोवती सुताची दोरी दुहेरी बांधली, तिच्यात लाटणं अडकवून पीळ दिला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी खुर्ची दगडासारखी उभी. जुन्या चुकांची भोकं लाकडाच्या भुशात फेविकॉल कालवून बुजवली, कारण त्याच भोकात नवी चूक धरत नाही.

नवारीसाठी मला तीन दुकानं फिरावी लागली. हल्ली नायलॉनची पट्टी सगळीकडे मिळते, पण मला सुती हवी होती. साडेसहा मीटर लागली. पट्टी चौकटीच्या मागच्या कडेवर ठेवून आधी तीन चुका, मग टोक इंचभर दुमडून त्यावर दोन, पहिल्या तिघींच्या मधल्या फटींत. पाचही एका रेषेत ठोकल्या तर लाकूड त्या रेषेनं चिरतं. दुसरं टोक ताणायला नुसते हात पुरत नाहीत. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळला, पट्टी त्याच्यावर वेढली, ठोकळा चौकटीच्या कडेला टेकवून खाली दाबला आणि तेवढ्यात भावानं चूक मारली. या कामाला दुसरा माणूस हवाच. उभ्या पाच झाल्या की आडव्या पाच, एक वरून एक खालून, खाटेसारख्या विणून. विणून झाल्यावर टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला. तो ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

एवढ्या बारीक चुका बोटांत धरून ठोकणं कठीण जातं. जुने कारागीर त्या तोंडात धरतात, तसं अजिबात करू नका. मी केसांच्या फणीच्या दातांत चूक उभी करायची आणि ठोकायची. अंगठा वाचला.

नवारीवर नवं गोणपाट. त्यावर तोच जुना काथ्या, दोन दिवस उन्हात वाळवून बोटांनी पिंजलेला. कमी पडला तेवढा चाचांनी दिला. दोन इंचांचा थर, मधे किंचित जास्त, आणि मोठ्या दाभणानं सुतळीचे लांब टाके घालून गोणपाटाला धरवलेला, म्हणजे तो सरकत नाही. त्यावर इंचभर फोम. दुकानात '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' असं सांगतात. त्याचा अर्थ एक घनमीटर फोमचं वजन ३२ किंवा ४० किलो. रोजच्या बसण्याला मी ४०च घ्या म्हणेन. हलका फोम दुकानात दाबून पाहिला तर तितकाच छान वाटतो, पण लवकर बसतो. फोमवर पिंजलेल्या कापसाचा पातळ पदर, कडा गोल दिसाव्यात म्हणून. तो पसरताना लहानपणी दुपारी गल्लीतून येणाऱ्या पिंजाऱ्याच्या तारेचा टणत्कार आठवला. आता आमच्या गल्लीत तो येत नाही.

कापडाबाबत थोडक्यात सांगते. मला खण लावायचा मोह झाला होता. पण खण अंगावर घालायचं नाजूक कापड आहे, बैठकीचं घासणं त्याला सोसत नाही. सोफ्याचं जाड कापड बहुधा ५४ इंच पन्ह्याचं येतं. मला २६ इंचांचा चौकोन हवा होता, म्हणजे एका मीटरमध्ये दोन बैठका निघाल्या. दुसरी लागलीच. मागच्या खांबापाशी कापडाला तिरका छेद द्यावा लागतो, तो मी अर्धा इंच जास्त दिला आणि भोक समोर आलं. तेव्हा छेद द्या, पण थोडा कमी. कमी पडला तर पुन्हा देता येतो. चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चूक अर्धीच ठोकायची, मग समोरासमोर ताणत कोपऱ्यांकडे जायचं. कोपरा सगळ्यात शेवटी. कापडावरचा पट्टा वाकडा दिसला तर अर्ध्या चुका काढायला सोप्या असतात.

चार रविवार गेले. आता रिकामी बैठक साडेअठरा इंच, आई बसली की १७. ती तिथे बसून शेंगा सोलते आणि दारावरची बेल वाजली की आता तीच उठते.

स्प्रिंगांची, चामड्याची किंवा कोरीव नक्षीची खुर्ची असेल तर मात्र ती जाणत्या हातांकडेच द्या, महिना लागला तरी. आणि सुरुवात करायचीच असेल तर वडिलांच्या खुर्चीपासून नको. आज रात्री जेवणं झाली की डायनिंग टेबलची एक खुर्ची उलटी करून बघा. बैठकीच्या खाली चार कोपऱ्यांत चार स्क्रू दिसले, तर ते काढल्यावर अख्खी बैठक प्लायवूडच्या पाटासकट हातात येते. त्यात नवार नाही, काथ्या नाही, फक्त फोम आणि कापड. एक रविवार पुरतो. स्क्रू वाटीत ठेवा आणि कापड काढण्याआधी फोटो काढायला विसरू नका.

नमस्कार.