उन्हाळ्यातला कुत्रा

श्रोतेहो, नमस्कार. रोहिणी नक्षत्रात सूर्य गेला, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागले. दुपारी दोनला नागपूरच्या बर्डीवर दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी दिसणार नाही. अशा दिवसांसाठी इंग्रजीत एक विशेषण आहे, 'कनिक्युलर'. इंग्रजांच्याही तोंडी ते क्वचितच येतं. अर्थ, भर उन्हाळ्याचं.

लॅटिनमध्ये कॅनिस म्हणजे कुत्रा आणि कनिक्युला म्हणजे छोटीशी कुत्री. आता उन्हाचा आणि कुत्र्याचा संबंध काय? कूलरखाली साचलेल्या पाण्यात पोट टेकून, जीभ बाहेर काढून धापा टाकणारा गल्लीतला कुत्रा पाहिला की वाटतं, त्याच्यावरूनच आला असेल. पण हा कुत्रा आकाशातला. आपण ज्याला व्याध म्हणतो, रात्रीच्या आकाशातला तो सर्वांत तेजस्वी तारा, त्याला रोमन लोक कनिक्युला म्हणत. त्यांच्या भर उन्हाळ्यात, म्हणजे जुलैच्या सुमारास, तो सूर्याच्या सोबतीनं उगवतो नि मावळतो. दोघांची उष्णता एक होते म्हणून जीव नकोसा होतो, अशी त्यांची समजूत. व्याध साडेआठ प्रकाशवर्षांहून लांब आहे, त्याची धग इथवर कुठली पोचायला! पण नाव चिकटलं ते चिकटलंच. फ्रेंच लोक आजही उष्णतेच्या लाटेला 'कानिक्युल' म्हणतात.

इजिप्तमध्ये मात्र याच ताऱ्याची आतुरतेनं वाट पाहत. काही आठवडे सूर्याच्या उजेडात लपलेला व्याध पहाटे पुन्हा दिसला, की नाईलच्या पुराचे दिवस आले. त्यांचं वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं, त्यामुळे दर चार वर्षांनी पंचांग एका दिवसानं सरके. ते पुन्हा जागेवर यायला त्यांची १४६१ वर्षं लागत. या कालचक्रालाही इंग्रजीत कनिक्युलरच म्हणतात.

मला गंमत वाटते ती वेगळीच. रोहिणी, मृग आणि व्याध आकाशात शेजारी-शेजारी आहेत. आपल्या कथेत व्याध शिकारी, मृगाच्या पोटात त्याचा तीन ताऱ्यांचा बाण रुतलेला. रोमनांनी उन्हाळा कुत्र्याच्या नावे केला. आपला शेतकरी त्याच भागाकडे पाहून रोहिणीत तापतो आणि मृगात बी-बियाण्यांची जुळवाजुळव करतो.

सध्या व्याध संध्याकाळी दिसतो. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं गच्चीवर जा, पश्चिमेला तोंड करा आणि किंचित डावीकडे, क्षितिजाच्या जरा वर बघा. फार रेंगाळू नका, तासाभरात तोही मावळतो.