शर्टावरचे डाग

चोपडा तालुका. सकाळचे सात. केळीची कापणी सुरू झालीय.

दोन झाडांमध्ये अंतर पाच फूट. माझ्याकडे एकच लेन्स, ५० मिलिमीटरची. झूम नाही. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरला, तरी पाच फुटांवरून माणूस डोक्यापासून जेमतेम मांडीपर्यंत मावतो. मागे सरकावं तर पाठीला खोड लागतं. म्हणून आधीच ठरवावं लागतं, खांद्यावरचा घड घ्यायचा की चिखलात रुतलेली पावलं. सुरुवातीला फार चिडचिड व्हायची. पण याच अडचणीनं मला थांबून बघायला लावलं. घड पेलताना मान कुठे कलते, खांद्यावर टॉवेलची घडी कशी बसवतात, हे दिसायला लागलं.

आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावला, छायाचित्रकार केकी मूस राहायचे. १९८९ साली ते गेले. आयुष्याची जवळपास ५० वर्षं त्यांनी तिथल्या घरात काढली, बाहेर क्वचितच पडले. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेड बेतून अख्खं दृश्य उभं करायचे. ती मांडणी होती आणि तिचं नावच टेबल-टॉप. जे करायचं ते शटर दाबण्याआधी, आणि उघडपणे. मला त्यांचं हे फार मोठं वाटतं.

मी मात्र एकदा लपवलं.

हा फोटो बघा. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, धुऊन जात नाही. या दादांचा शर्ट खांद्यापासून छातीपर्यंत डागांनी भरलेला. लॅपटॉपवर मी ते सगळे पुसले. पाच मिनिटांचं काम. मग मोबाइलवर त्यांना फोटो दाखवला. त्यांनी बोटांनी मोठा करून पाहिला.

"भाऊ, मना शर्टवरना डाग कथा ग्यात?"

डाग कुठे गेले, याचं मला उत्तर देता आलं नाही. त्यांची कापणीतली सगळी वर्षं त्या शर्टावर होती.

घरी येऊन मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल, पुन्हा उघडली. पानांच्या सावलीत चेहरा काळवंडला होता, तेवढा उजळला. डोळ्यांना तो तिथे स्पष्ट दिसत होता. ऊन आणि सावली एकदम पेलणं कॅमेऱ्याला जमत नाही. पानांचा हिरवा वाढवला नाही. कोपऱ्यातली ठिबकची नळी राहू दिली. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतही मूळ फाइल मागवून तपासतात. २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीतले सुमारे २० टक्के फोटो अशाच फेरफारांमुळे बाद झाले होते.

नवा फोटो छापून नेला. दादांनी आधी शर्ट पाहिला, मग चेहरा.