साठ फेऱ्या आणि करमणूक कर

[दृश्य : मुख्य स्टँडवरून दिसणारा ट्रॅक, समोर पिट लेन, म्हणजे टायर बदलायला गाड्या जिथे थांबतात ती पट्टी. धुरकट ऊन.]

27 ऑक्टोबर 2013. रविवार, दुपारचे तीन. ग्रेटर नोएडातलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. फॉर्म्युला वनची मोटार शर्यत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे सगळं चित्रीकरण स्टँडमधल्या एकाच खुर्चीवरून झालंय. पाच किलोमीटरहून थोडा लांब ट्रॅक, सोळा वळणं, आणि त्यातला आपल्याला दिसणार तो फक्त समोरचा सरळ पट्टा. पण त्या दिवशी जे महत्त्वाचं घडलं, त्यातलं बरंचसं नेमकं इथेच घडलं.

[दृश्य : बावीस गाड्या रांगेत. पाच लाल दिवे. दिवे विझतात.]

हा आवाज नीट ऐका. 2.4 लिटरचं व्ही-एट इंजिन, मिनिटाला अठरा हजार फेरे. पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमधून ही इंजिनं गेली. भारतात हा आवाज शर्यतीत शेवटचा घुमला तो या दुपारी.

सगळ्यात पुढे रेड बुल संघाची निळी गाडी. सेबास्टियन व्हेटेल, वय 26. इथे झालेल्या तिन्ही शर्यतींत पहिल्या जागेवरून निघालेला, आणि आधीच्या दोन्ही जिंकलेला. त्याला चौथं जगज्जेतेपद हवंय, आणि त्यासाठी आज पाचवा नंबरसुद्धा पुरणार आहे.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. सपाट जमीन, मातीचे ढिगारे, उभं राहणारं स्टँड.]

गाड्या फेरी पुरी करून येईपर्यंत थोडं मागे जाऊ.

भारतात फॉर्म्युला वन आणायची प्राथमिक बोलणी 2007 साली जाहीर झाली. तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आपल्या पुण्याचे सुरेश कलमाडी, आणि शर्यत 2009 मध्ये होणार असं ठरलं होतं. ती झाली 2011 मध्ये. मधल्या काळात जेपी समूहाने ट्रॅक बांधला. आराखडा जर्मनीच्या हेर्मान टिल्के यांचा. जागा तळहातासारखी सपाट, म्हणून चढउतार माती टाकून तयार केले. तिसऱ्या वळणाकडे जाणारा चढ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, तो माणसाने रचलेला आहे. पुढे किलोमीटरभर सरळ रस्ता, आणि नंतर दहाव्या वळणापासून सुरू होणारं ते लांबच लांब वळण, ज्याचं चालकांनी मनापासून कौतुक केलं.

मग अडलं कुठे? एका शब्दावर. 2009 साली परवान्याच्या शुल्कापोटी 3 कोटी 65 लाख डॉलर परदेशी पाठवायची परवानगी मागितली, तेव्हा क्रीडा मंत्रालयाने नकार दिला. म्हणणं असं, की हा निव्वळ खेळ नाही, करमणूक आहे. मानेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण झेलत दीड तास गाडी हाकणं म्हणजे करमणूक! पहिल्या शर्यतीआधी करमणूक कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तिकीटविक्रीतली पंचवीस टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला लागली. त्याच शर्यतीत शेवटचा चौकटीचा झेंडा हलवला सचिन तेंडुलकरने. तो जे खेळतो त्याला मात्र खेळ म्हणायला कोणाची हरकत नव्हती. या 2013 च्या शर्यतीच्याही दोनच दिवस आधी ती थांबवा म्हणून न्यायालयात मागणी झाली होती. न्यायालयाने ती थांबवली नाही.

जमिनीच्या मोबदल्यावरून आसपासच्या शेतकऱ्यांनी 2011 मध्ये शर्यत अडवण्याचा इशारा दिला होता. तो वेगळा विषय आहे.

[दृश्य : दुसऱ्या फेरीअखेर निळी गाडी पिटमध्ये वळते.]

आणि हे पाहा. दोनच फेऱ्या झाल्यात, आणि सगळ्यात पुढे असलेला व्हेटेल पिटमध्ये येतोय! स्टँडमध्ये अनेकांना वाटलं, गाडी बिघडली.

बिघडलेलं काहीच नव्हतं. तेव्हाचा नियम असा, की कोरड्या शर्यतीत मऊ आणि मध्यम असे दोन्ही प्रकारचे टायर वापरायचेच. मऊ टायर एका फेरीपुरता भन्नाट पळतो, म्हणून त्यावर पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळते. पण इथल्या लांब वळणांत तो तापतो, त्यावर फोड येतात आणि पकड जाते. शिवाय पहिले दहा जण ज्या टायरवर पात्रता फेरी पळाले, त्याच टायरवर शर्यत सुरू करायची तेव्हा सक्ती होती. रेड बुलचा हिशेब सरळ होता. मऊ टायरचं ओझं लगेच उतरवायचं, सतरा-अठराव्या नंबरवर ट्रॅकवर परतायचं आणि एकेकाला मागे टाकत यायचं. पट्टीच्या खेळाडूने सुरुवातीलाच वजीर पणाला लावावा, तशी चाल.

[दृश्य : एकामागून एक फेऱ्या. निळी गाडी दर फेरीला पुढच्या गाडीजवळ सरकते.]

दर फेरीला समोरून जाताना त्याच्या पुढच्या गाड्या मोजा. कमीच होत जातील.

याच शर्यतीत लोटस संघाचा रोमां ग्रोजाँ सतराव्या जागेवरून निघाला आणि एकदाच टायर बदलून तिसरा आला. त्याच्याबद्दल खूप बोलता येईल, पण त्याची गाडी आमच्या कॅमेऱ्यात धड आलेली नाही. व्हेटेलचा जोडीदार मार्क वेबर मध्यम टायरवर निघून बराच वेळ आघाडीवर होता. वीज तयार करणारा अल्टरनेटर बंद पडून त्याची गाडी थांबली ती दूर, आम्हाला न दिसणाऱ्या भागात. व्हेटेलला जेतेपदासाठी अडवू शकणारा एकटा फर्नांडो अलोन्सो पहिल्याच फेरीत पुढचा पंख मोडून बसला. तो अकरावा आला.

[दृश्य : चौकटीचा झेंडा.]

व्हेटेल पहिला. दुसऱ्या आलेल्या निको रोसबर्गपेक्षा जवळजवळ तीस सेकंद आधी. लागोपाठ चार जगज्जेतेपदं त्याच्याआधी फक्त फँजियो आणि शूमाकर यांना जमली होती. सहारा फोर्स इंडियाच्या दोन्ही गाड्या आठव्या आणि नवव्या आल्या, घरच्या ट्रॅकवर गुण मिळाले.

[दृश्य : निळी गाडी स्टँडसमोर परत येते.]

जिंकलेली गाडी थेट तपासणीच्या बंदिस्त जागेत न्यायची, असा नियम. पण तो तिकडे गेलाच नाही.

[दृश्य : गाडी जागच्या जागी गरगर फिरते. पांढरा धूर. आवाज पूर्ण.]

[दृश्य : व्हेटेल गाडीतून उतरतो, गाडीसमोर गुडघे टेकतो, डोकं झुकवतो.]

[दृश्य : तो हातमोजे काढून स्टँडमधल्या गर्दीत फेकतो.]

त्या मोसमात युरोपात आणि इतरत्र काही ठिकाणी प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. इथला आवाज तुम्ही ऐकताच आहात.

या गिरक्यांबद्दल त्याला समज देण्यात आली आणि संघाला 25 हजार युरोंचा दंड झाला. करमणुकीवरचा कर त्या दिवशी कोणी जागेवर भरला असेल, तर तो रेड बुलने.

2014 च्या वेळापत्रकात भारत नव्हता. 2015 ला परत येईल असं सांगितलं गेलं, ते झालं नाही. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने फॉर्म्युला वन कंपनीच्या इथल्या कमाईवर आयकर लागू होतो असं ठरवलं. 2020 मध्ये ट्रॅकच्या जमिनीचं वाटप रद्द झालं. 2023 च्या सप्टेंबरात याच ट्रॅकवर मोटोजीपीच्या दुचाकी धावल्या.

[दृश्य : शर्यत संपल्यावर तासाभराने. रिकामा सरळ पट्टा. डांबरावर टायरचे काळे गोल. झाडू घेतलेला एक कर्मचारी गोलांपाशी थांबतो, वाकून बघतो, मग त्यांना वळसा घालून पुढे झाडत जातो.]