जुलाबामागचे जिवाणू

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली दोन नमुने, शेजारी शेजारी)

डावीकडे ई. कोलाय. माणसाच्या आतड्यात हे कोट्यवधींनी राहतात आणि सहसा कुणाच्या वाटेला जात नाहीत. उजवीकडेही ई. कोलायच, पण याच्याकडे विष तयार करणारी जनुकं आहेत. याला म्हणतात ईटेक. विकसनशील देशांत लहान मुलांना जुलाब लागतात, त्यात याचा वाटा मोठा. पण साध्या कल्चर तपासणीत, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहताना, दोघे सारखेच वाढतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी आजाराच्या नोंदीत ईटेकचं नाव येतच नाही.

हे विष नेमकं करतं काय? त्याचं उत्तर आधी कॉलऱ्याने दिलं.

१८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात कॉलऱ्याचा जिवाणू वेगळा केला. तो विष सोडत असावा, हेही त्यांनी ओळखलं. पण पुढची पंचाहत्तर वर्षं ते विष दाखवून देणं कुणाला जमलं नाही. ते जमलं कोलकात्यातच, संशोधक शंभुनाथ डे यांना. त्यांनी सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि त्यात कॉलऱ्याचे जिवाणू सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. १९५६ साली त्यांनी जुलाबाच्या रुग्णांमधल्या काही ई. कोलायनाही याच कसोटीवर घासून पाहिलं. मग १९५९ साली जिवाणू गाळून टाकून नुसतं उरलेलं द्रव आतड्यात सोडलं. आतडं तरीही फुगलं. म्हणजे काम विषाचंच! दोरा, ससा आणि नेमका प्रश्न, एवढ्यावर झालेला हा शोध. नोबेलविजेते अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. ते मिळालं नाही.

कॉलऱ्याच्या आणि ईटेकच्याही विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर सोडू लागतात आणि क्षारामागोमाग पाणी जातं. तीव्र कॉलऱ्यात तासाला लिटरभरसुद्धा. पण आतड्याचं अस्तर शाबूत असतं, आणि ग्लुकोजबरोबर मीठ आत घेण्याची त्याची वाट खुली राहते. ओआरएस त्याच वाटेने पाणी परत शरीरात नेतं.

(दृश्य: आतड्याच्या अस्तरात शिरणारे जिवाणू)

शिगेला या जिवाणूची तऱ्हा वेगळी. १८९७ साली कियोशी शिगा यांनी जपानमध्ये तो शोधला. तो थेट मोठ्या आतड्याच्या पेशींमध्ये घुसतो, एका पेशीतून दुसरीत सरकतो, अस्तराला जखमा करतो. मग ताप, पोटात मुरडा, शौचात रक्त आणि आव. निरोगी माणसाला कॉलरा व्हायला साधारणपणे कोट्यवधी जिवाणू पोटात जावे लागतात. शिगेलाला दहा ते शंभर पुरतात. एवढे तर न धुतलेल्या बोटावरही मावतात, म्हणून केवळ पिण्याचं पाणी शुद्ध करून तो आटोक्यात येत नाही. इथे ओआरएस गेलेलं पाणी भरून काढतं, पण घुसखोर हटत नाही. त्याला प्रतिजैविक लागतं, आणि लागू पडणारी प्रतिजैविकं कमी होत चालली आहेत.

कॅम्पायलोबॅक्टर आणि साल्मोनेला हेही जुलाब घडवणारे जिवाणू. पण शौचात जिवाणू सापडला म्हणजे तोच दोषी, असं म्हणता येत नाही. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात देशांत लहान मुलांच्या जुलाबांवर झालेल्या जेम्स (GEMS) अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आले. त्यात जुलाब झालेल्या ८३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला रोगकारक जंतू सापडला, आणि जुलाब नसलेल्या मुलांमध्ये ७२ टक्के! आजारी आणि निरोगी मुलांची तुलना केली, तेव्हा कुठे खरे दोषी वेगळे निघाले. त्यांत जिवाणू दोन ठळक: ईटेक आणि शिगेला.

२०१६ साली त्याच अभ्यासातले नमुने जनुकीय चाचणीने पुन्हा तपासले गेले. शिगेलाचा वाटा आधीच्या अंदाजाच्या सुमारे दुप्पट निघाला आणि तो यादीत सर्वांत वर गेला. कल्चरमध्ये तो सहज हुकतो. शिवाय शिगेलाच्या अनेक रुग्णांना रक्त पडतच नाही, नुसते पाण्यासारखे जुलाब होतात. आणि प्रतिजैविक द्यायचं की नाही, हे बहुतेक दवाखान्यांत आजही रक्त दिसतं का, यावरच ठरतं.