भार नसलेल्या कणांची ओढ : हर्बर्ट पोल यांचे संशोधन

सांगली जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवण्यासाठी यीस्ट वापरतात, आणि टाकीतल्या यीस्टपैकी जिवंत किती व मेलेले किती, यावर तिथल्या प्रयोगशाळेला लक्ष ठेवावे लागते. नमुन्यात मिथिलीन ब्लू मिसळले की मेलेल्या पेशी निळ्या होतात आणि जिवंत पेशी रंगहीन राहतात. अमेरिकेतील शास्त्रज्ञ हर्बर्ट पोल यांनी 1966 मध्ये आपल्या सहकाऱ्यासह याच दोन प्रकारच्या पेशी केवळ विद्युत क्षेत्राच्या बळावर एकमेकींपासून वेगळ्या करून दाखवल्या.

पोल यांची सुरुवात जीवशास्त्रापासून झाली नव्हती. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या द्रावणातून काजळीचे सूक्ष्म कण कसे काढावेत, या प्रश्नातून त्यांचे काम पुढे गेले. असमान विद्युत क्षेत्रात भार नसलेले कणही सरकतात, या परिणामाला त्यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ‘डायलेक्ट्रोफोरेसिस’ हे नाव दिले.

विद्युत क्षेत्रात ठेवलेल्या कणावर स्वतःचा भार नसला, तरी त्याचे ध्रुवीकरण होते, म्हणजे त्याचे एक टोक धन आणि दुसरे ऋण होते. क्षेत्र सर्वत्र सारखे असेल तर दोन्ही टोकांवरची ओढ समान राहते आणि कण जागचा हलत नाही. पण एक इलेक्ट्रोड टोकदार आणि दुसरा सपाट असेल, तर टोकाजवळ क्षेत्र तीव्र होते, कणाच्या त्या बाजूला अधिक ओढ बसते आणि कण सरकू लागतो. विद्युतदाबाची दिशा उलटली की कणाचे ध्रुवही उलटतात, त्यामुळे ओढीची दिशा तीच राहते. म्हणूनच इथे सतत दिशा बदलणारा प्रत्यावर्ती प्रवाह चालतो, आणि पोल यांच्या कामातली ही सर्वांत मोलाची बाब आहे, असे आम्हाला वाटते. कारण वारंवारता बदलण्याची मुभा मिळाली, की पेशीच्या आत डोकावता येते.

सांगलीतील एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी हा प्रयोग काचपट्टीवर मांडला आहे. बेकरीत मिळणारे यीस्ट त्यांनी ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले, कारण पाण्यात क्षार राहिले तर प्रवाह वाढून थेंब तापतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या अंतरावर असलेल्या दोन तारांना दहा व्होल्ट दिले, तरी मधले क्षेत्र मीटरला सुमारे एक लाख व्होल्ट इतके होते. वारंवारता एक मेगाहर्ट्झवर नेताच सूक्ष्मदर्शकाखाली तरंगणाऱ्या पेशी तारेच्या टोकाकडे सरकतात आणि एकीला एक चिकटून मोत्यांच्या सरीसारख्या रांगा धरतात.

जिवंत पेशीचे पटल अवघे काही नॅनोमीटर जाड असते आणि कमी वारंवारतेला ते विद्युतरोधकाचे काम करते, त्यामुळे पेशी तीव्र क्षेत्रापासून दूर ढकलली जाते. वारंवारता वाढली की तेच पटल क्षेत्राला आत जाऊ देते, आतला क्षारयुक्त द्रव सभोवतालच्या पाण्यापेक्षा अधिक वाहक असल्याने ध्रुवीकरण वाढते, आणि पेशी ओढली जाते. मेलेल्या पेशीचे पटल गळके झालेले असते, क्षार बाहेर पडून गेलेले असतात, म्हणून तिच्यावरची ओढ क्षीण राहते. रक्ताच्या नमुन्यातील दुर्मीळ कर्करोग पेशी वेगळ्या करण्यासाठी आज ज्या सूक्ष्म चिप बनवल्या जातात, त्यांपैकी काही याच फरकावर चालतात.

प्रिन्स्टन विद्यापीठानंतर ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात काम करताना पोल यांनी कार्बनी अर्धवाहकांवरही दीर्घ संशोधन केले. विस्तीर्ण रेणूंच्या काही पॉलिमरमध्ये इलेक्ट्रॉन लांबवर सरकू शकतात आणि त्यामुळे ध्रुवीकरण विलक्षण वाढते, हे त्यांनी दाखवले. असमान क्षेत्रातील द्रव्याच्या वर्तनावरचा त्यांचा ग्रंथ 1978 मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

त्यानंतरचा त्यांचा दावा अधिक धाडसी होता. बेरियम टायटनेटसारख्या, सहज ध्रुवीकरण होणाऱ्या पदार्थाची बारीक पूड पेशींभोवती अधिक गोळा होते आणि सहज ध्रुवीकरण न होणाऱ्या बेरियम सल्फेटची कमी, हे पाहून पेशी स्वतःच, विशेषतः विभाजनाच्या वेळी, प्रत्यावर्ती विद्युत क्षेत्र निर्माण करतात, असे त्यांनी मांडले. हा निष्कर्ष सर्वमान्य झाला नाही, कारण पूड चिकटण्यामागे पृष्ठभागांचे रसायनही असू शकते आणि इतके क्षीण क्षेत्र थेट मोजणे अवघड असते. त्यांच्या कारकिर्दीचा हा भाग वगळून केवळ यश सांगणे आम्हाला योग्य वाटले नाही. ज्या माणसाने क्षेत्राने पेशी हलवून दाखवली, त्यानेच पेशीकडून क्षेत्र येते का, हे त्याच साधनाने तपासून पाहिले होते.