दिवे लावण्याविषयी

(पीएचडीच्या कोर्सवर्कच्या पहिल्या दिवशी संशोधक विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सकाळी नोंदणीच्या टेबलावर तुम्हाला प्रत्येकी एक कोरी चिठ्ठी दिली होती. ‘पीएचडी का करताय?’ एवढंच विचारलं होतं आणि नाव लिहू नका असं बजावलं होतं. एकेचाळीस चिठ्ठ्या आल्या. चहाच्या वेळेत मी त्या सगळ्या वाचल्या. त्यातल्या तीसेक चिठ्ठ्या एकाच माणसाने लिहिल्यासारख्या आहेत. ‘ज्ञानाच्या क्षेत्रात मौलिक भर घालणे’, ‘समाजाचे ऋण फेडणे’, ‘संशोधनाची लहानपणापासून आवड’. लहानपणी संशोधनाची आवड असलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. घड्याळ उघडून बसणारी पाहिली आहेत, पण ती आराखडा सादर करत नव्हती.

उरलेल्या चिठ्ठ्या मात्र मी पर्समध्ये ठेवल्या आहेत. एकीवर लिहिलंय, ‘सीएचबीवर सहा वर्षं झाली.’ सीएचबी म्हणजे तासांच्या हिशोबाने पैसे मिळणारी शिकवण्याची नोकरी. दुसरीवर, ‘गाईड म्हणाले म्हणून.’ तिसरी, ‘लग्न जमायला बरं पडेल असं घरचे म्हणतात, मला माहीत नाही.’ आणि एका चिठ्ठीवर एकच शब्द आहे: ‘फेलोशिप.’

या शेवटच्या चिठ्ठीपासून सुरुवात करते, कारण ती लिहिणाऱ्याचा हात थोडा थरथरला असावा. शब्द एकदा खोडून पुन्हा लिहिलाय. थरथरण्याचं कारणही मला माहीत आहे. 2023 च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असा प्रश्न सभागृहात विचारला गेला. पुढे दिलगिरीही आली. पण तो प्रश्न गावोगाव पोहोचला आणि आता पारावर बसलेला माणूसही तुम्हाला तोच विचारतो. दिलगिरी तेवढी लांब जात नाही.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर शिकणारी मुलं आझाद मैदानात बसलेली आपण पाहिली. अनेकांना वाटलं, संशोधन करायचं सोडून पैशासाठी बसलेत. मला यात ‘सोडून’ हा शब्द कळत नाही. सव्वीस वर्षांचा मुलगा घरी सांगतो की अजून पाच वर्षं मी वाचणार, लिहिणार. बाप दुसऱ्याच्या उसाला पाणी धरतो. त्या घरात ही पाच वर्षं कोण देणार? नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. पहिल्या महिन्यात त्यातले काही घरी गेले की आई पुस्तकांच्या ढिगाकडे वेगळ्या नजरेने बघते. फेलोशिपने त्या मुलाला घरातली परवानगी विकत घेऊन दिली. याला कोणी हेतूतली भेसळ म्हणत असेल तर म्हणो.

आपल्याकडच्या सगळ्यांत मोठ्या उदाहरणाकडे बघा. भीमराव आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि त्याबदल्यात परत येऊन संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची असा करार. म्हणजे फेलोशिप आणि बाँड. आज ज्याला आपण नाकं मुरडतो ती दोन्ही कलमं त्यात होती. तिथल्या कोलंबिया विद्यापीठाला प्रबंध दिला 1916 मध्ये. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 ला लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. बडोद्याच्या नोकरीत काय वाट्याला आलं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेनांकडून घेतलेलं कर्ज, असं करून 1920 ला पुन्हा लंडन. तिथली डी.एस्सी. ही डॉक्टरेट 1923 ला झाली. कोलंबियाचा प्रबंध 1925 ला पुस्तकरूपाने छापला गेला आणि पीएचडीची पदवी रीतसर हातात पडली 1927 मध्ये. प्रबंध सादर केल्यापासून अकरा वर्षांनी. तुमची फेलोशिप चार महिने अडकली की तुम्ही रडकुंडीला येता, यायलाच हवं, भांडायलाही हवं. मी एवढंच म्हणते की पैशाची गोष्ट काढली म्हणून ज्ञानाची गोष्ट खोटी ठरत नाही. त्या प्रबंधाचा विषय तरी काय होता? ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचं अर्थकारण. कोणत्या खात्यातला पैसा कोणत्या तिजोरीत जातो, हेच.

आता सीएचबीवाली चिठ्ठी. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला पीएचडी का करतोस हे विचारणं जरा क्रूरच आहे. रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये बसलेल्याला इथे का बसलात असं विचारल्यासारखं. त्यात आपल्या नियमांनी मजा केली. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2018 मध्ये सांगितलं की विद्यापीठाच्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायचं तर जुलै 2021 पासून पीएचडी लागेल. लोक धावत सुटले. मिळेल तो गाईड, मिळेल तो विषय. मग ती तारीख 2023 वर गेली. आणि 2023 च्या जुलैपासून नवा नियम आला: नेट किंवा सेट ही राज्याची परीक्षा पुरे, पीएचडी ऐच्छिक. केवळ त्या नियमासाठी नाव नोंदवलेल्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत. एकीने दुसऱ्या दिवशी गाईडला फोन करून नोंदणी रद्द कशी करतात ते विचारलं. दुसरीने नाही केला. का नाही केला, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, “मॅडम, आता मला ते कळून घ्यायचंय.” तिचा विषय होता आठवडी बाजारातल्या जागेच्या पावत्या. काय कळून घ्यायचं होतं ते तिने मला दीड तास सांगितलं, आणि माझी एसटी चुकली.

मला बोलायचंय ते या दोघींमधल्या फरकाबद्दल. आत शिरतानाचं कारण आणि आत टिकवून ठेवणारं कारण, ही बहुधा दोन वेगळी असतात. शिरतानाचं कारण कुठलंही असो, मी त्याची परीक्षा घेणार नाही. माझंच सांगते.

मी 2010 मध्ये नोंदणी केली. कॉलेजात शिकवायला लागून तेरा वर्षं झाली होती. नोकरीत असताना पीएचडी झाली तर तीन वेतनवाढी मिळतात, हे आमच्या स्टाफरूममध्ये सर्वांना पाठ होतं. प्राचार्य व्हायचं तर पीएचडी लागतेच, हेही. शिवाय एक कारण असं, जे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं: माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याच्या नावापुढे डॉक्टर लागलं होतं आणि शिपाई मला ‘मॅडम’ आणि त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायला लागला होता. हसू नका. हे कारण निदान दीड वर्ष पुरतं.

विषय घेतला: ‘जिल्ह्यातील कृषी पतपुरवठ्यात विकास सोसायट्यांची भूमिका: एक चिकित्सक अभ्यास’. विकास सोसायट्या म्हणजे गावोगावच्या, शेतीला कर्ज देणाऱ्या सहकारी संस्था. शीर्षकात ‘एक चिकित्सक अभ्यास’ आलं की खुशाल समजा, प्रश्न अजून सापडलेला नाही. आराखड्यात उद्दिष्टं पाच, गृहीतकं चार, आणि सगळी गृहीतकं अशी की ती खरी निघणारच. ‘सोसायट्यांमुळे शेतकऱ्यांना फायदा झाला आहे.’ बरं, मग? तीनशे प्रश्नावल्या भरून घेतल्या. तिसऱ्या वर्षी मी पूर्ण थांबले. वेतनवाढींचा हिशोब केला तर झेरॉक्स, पेट्रोल आणि गावोगावच्या फेऱ्या वजा जाता फार काही राहत नव्हतं. डॉक्टरसाहेबांची बदली झाली होती. म्हणजे माझी दोन मोठी कारणं संपली.

त्याच मार्चमध्ये एका सोसायटीच्या कार्यालयात आकडे उतरवत बसले होते. ऑफिसात तोबा गर्दी. सोसायटीचे हिशोब बघणारे गटसचिव मान वर करत नव्हते. मी विचारलं, “एवढी वसुली? यंदा पीक तर बरं नाही.” ते म्हणाले, “मॅडम, ही वसुली नाही, नवं-जुनं चाललंय.” तुमच्यापैकी शेतकऱ्याघरच्यांना हे ठाऊक असेल. पीककर्ज 31 मार्चच्या आत फेडलं तर व्याजात सवलत मिळते, म्हणून जुनं कर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. वहीत वसुली चोख दिसते. मी सहज विचारलं, “पण भरायला एकरकमी पैसे आणतात कुठून?” गटसचिवांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “ते तुमच्या फॉर्मात नाही का?”

नव्हतं. तीनशे फॉर्ममध्ये नव्हतं. शेतकरी त्या चार-आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने घेतो. कधी पाहुण्याकडून, कधी दुकानदाराकडून, कधी व्याजाने. सरकारी सवलतीतला काही भाग या आठ दिवसांच्या पैशाच्या मालकाकडे जातो. किती जातो? कुणाचा जास्त जातो? ज्याला गावात पाहुणाही नाही, त्याचं काय? मी घरी आले आणि त्या रात्री झोपले नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा असं झालं की मला उत्तर माहीत नव्हतं आणि माहीत नसल्याचा त्रास होत होता. सगळ्या प्रश्नावल्या बाजूला ठेवल्या. गाईड वैतागले, कारण मान्यता समितीपुढे शीर्षक बदलून घेणं म्हणजे पुन्हा कागद, सह्या, हेलपाटे. शेवटी शीर्षक तेच ठेवलं आणि आतलं सगळं बदललं. ‘एक चिकित्सक अभ्यास’चा हाच एक फायदा, त्यात काहीही मावतं.

ज्याने ‘गाईड म्हणाले म्हणून’ लिहिलंय, त्याला मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे सांगायच्या आहेत. त्या 1928 च्या सुमारास बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं तेव्हाचं मोठं नाव आणि पुढे नाझींच्या वंशधोरणाला विद्वत्तेचा आधार देणारा माणूस. इरावतींना विषय त्यांच्याच चौकटीतला मिळाला: माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते, त्याचा वंशाशी संबंध आहे का. संबंध असावा, युरोपीय कवट्या वेगळ्या निघाव्यात, अशी तिथली अपेक्षा. पुण्याहून गेलेल्या या बाईने कवट्या मोजल्या आणि लिहिलं की तसा संबंध दिसत नाही. प्रश्न गाईडचा होता, उत्तर तिचं होतं. म्हणून ‘गाईड म्हणाले’ यालाही मी नावं ठेवत नाही. दिलेल्या प्रश्नात आपलं मोजमाप प्रामाणिक ठेवलं तर तो प्रश्न हळूहळू आपला होतो.

लग्नाच्या चिठ्ठीबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. पत्रिकेवर ‘डॉ.’ चांगलं दिसतं हे खरं. मात्र नियमाने किमान तीन वर्षं लागतात आणि कमाल सहा, स्त्रियांना आणखी दोन मिळू शकतात, तेव्हा घरच्यांना मुहूर्ताची घाई करू नका म्हणावं. आणि पीएचडी नसली तर संशोधक होता येत नाही असंही कुणी समजू नका. इतिहासकार वि. का. राजवाडे बी.ए. होते आणि जुन्या दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबींकडे डॉक्टरेट नव्हती. ज्यांना फक्त शोधायचंय त्यांना या इमारतीत येण्याची सक्ती नाही. इथे ग्रंथालय मिळतं, फेलोशिप मिळते, चार चुका दाखवणारी माणसं मिळतात, त्यासाठी यायचं.

चुकांवरून आठवलं. माझा व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, 2015 ला झाला. बाहेरचे परीक्षक चांगले होते, दोन प्रश्न अवघड विचारले, मग पेढे, जेवण, फोटो. पंधरा दिवसांनी प्रबंधाची एक बांधीव प्रत घेऊन मी त्या गटसचिवांकडे गेले. ते तोवर निवृत्त झाले होते, ओसरीवर बसले होते. त्यांनी प्रस्तावना वगैरे काही उघडलं नाही. अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत थेट चौथ्या प्रकरणातल्या त्यांच्या गावाच्या तक्त्यावर गेले. चष्मा पुसला. बराच वेळ वाचत राहिले. मग कानावरची पेन्सिल काढली आणि एका ओळीपाशी बारीक खूण केली.

“मॅडम, त्या वर्षी आमच्याकडं 31 ला नवं कर्ज वाटलंच नव्हतं. भरणा 31 ला झाला, वाटप 4 एप्रिलला. तुम्ही उसन्या पैशाचे दिवस 31 पर्यंतचेच चार धरलेत, ते आठ होतात.”

गाईडने वाचलं होतं, दोन परीक्षकांनी वाचलं होतं, मी स्वतः तो तक्ता निदान वीस वेळा तपासला होता. ते म्हणाले ते बरोबर होतं. दिवस दुप्पट, म्हणजे व्याजही दुप्पट. मी तिथेच ओसरीवर बसून आकडेमोड पुन्हा केली. आतून चहा आला, तो निवला. संध्याकाळची शेवटची गाडीही गेली आणि त्यांच्या सुनेने मला मुक्काम करायला लावला.